स्फुरदाचा नळ

“हा नळ कोणी उघडला?”

मार्लीसचा आवाज काचघराच्या पार टोकापर्यंत गेला. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन ती आजच परतली होती. टाके पोटाला पडले होते, आवाजाला नाही.

“मीच,” तिचा बाप लेनदर्ट म्हणाला. “आधी पानं बघ, मग बोंबल.”

पानं बघण्यासारखीच होती. बंद खोक्यांवर कांद्याची रोपं हिरवीगार उभी होती. माती कुठेच नव्हती. खाली अंधारात, धुक्यासारख्या फवाऱ्यात, नुसती मुळं लोंबत होती. त्या मुळांवर मार्लीस बुरशी वाढवायची, पिकाला जमिनीतून अन्न ओढून देणारी. मग मुळं वाळवून, कुटून शेतकऱ्यांना विकायची. अट एकच: स्फुरद खताचा नळ बंद ठेवून रोपं भुकेली ठेवायची. पोट भरलेलं रोप बुरशीला दारात उभं करत नाही.

“रोपं पिवळीच राहू द्या, असं सांगून गेले होते ना मी, बाबा?”

“आणि गावात माझी शोभा? चर्चमध्ये कॉफी पिताना तो शेजारचा कोर चारचौघांत विचारतो, ‘लेनदर्ट, तुझ्या काचघराला कावीळ झाली का रे?’ जन्मभर टोमॅटो पिकवले मी. माझ्या काचेआड पिवळं पान कुणी पाहिलं नाही!”

काचघरांच्या या वेस्टलंड पट्ट्यात शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय हे कुणी विचारत नाही. काचेआड काय पिकतंय, ते मात्र सायकलवरून जाता जाता सगळे तोलून घेतात.

दुपारी मार्लीसने मुळं कापून, बुरशी दिसावी म्हणून रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नवी मुळं कोरी होती. बुरशी पुढे सरकलीच नव्हती. बटाटेवाल्यांच्या संघाला द्यायचा हा पहिलाच माल. तो पटला तरच काचघर राहणार, नाहीतर विकायचं, असं बँकेशी ठरलेलं. तिने संघाला फोन करून खरं ते सांगितलं.

“माल नको म्हणाले,” तिने बापाला सांगितलं.

“मग पुढच्या खेपेला...”

“पुढची खेप नाही, बाबा! कोरपुढे तुमची मान ताठ राहिली आणि माझं काचघर गेलं.”

“माझं काचघर,” लेनदर्ट पुटपुटला.

“होतं. आता ना तुमचं, ना माझं.”

शनिवारी खोकी रिकामी करायला म्हातारा न बोलावता आला. रोप उपटायचं, मुळं छाटायची, पात सारखी करून दोऱ्याने जुडी बांधायची. बाजाराची गाडी दारात उभी असल्यासारखं त्याचं चाललं होतं. मार्लीस एकेक जुडी उचलून कचऱ्याच्या ढिगावर फेकत होती. तो मान वर न करता पुढची बांधत होता.