कोरड्या खोलीतलं बोलणं

कोरड्या खोलीत एक स्टीलचं टेबल होतं, एक स्टूल, दोन चिमटे, गोल तुकडे कापायचा एक पंच आणि घट्ट झाकणाच्या बारा काचेच्या कुप्या. माणूस एकच. हवा सुकवणारं यंत्र जुनं झालेलं, दोघांच्या श्वासातली वाफ त्याला झेपत नसे. म्हणून दारावर पाटी होती: एका वेळी एकच व्यक्ती. तिच्याबरोबर आलटूनपालटून आत जाणारी मैत्रीण दुसऱ्या कंपनीत गेल्यापासून ती एक व्यक्ती म्हणजे कायम पाणीवालीच.

हे नाव तिला शेजारच्या लाइनवरच्या लोकांनी ठेवलं होतं. बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी लागणारी काळी खळ ते उग्र वासाच्या द्रावकात कालवत. ती शुद्ध पाण्यात कालवत असे. मग खळीचा लेप धातूच्या पातळ पत्र्यावर चढवायचा, आणि ज्या पाण्यानं एवढं काम केलं त्यालाच भट्टीत घालून हाकलायचं. घोडं तिथेच पेंड खात होतं. वाळलेल्या पट्टीत ओलावा पाचशे पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत पाचशे भागांच्या, आत हवा. तिच्या पट्टीतला सहाशेच्या खाली उतरायला तयार नव्हता.

"शुक्रवारी शेवटची चाचणी," साहेब म्हणाले होते. "नाही जमलं तर तुझं लेपाचं यंत्र द्रावकवाल्यांना, आणि तू कागदपत्रांच्या विभागात."

तिनं भट्टीची आच वाढवून पाहिली, तर लेप आटलेल्या तळ्याच्या तळासारखा तडकला. भट्टीतली वाफ ओढणाऱ्या पंपाचे रबर बदलले. नळ्या तपासल्या. चोर काही सापडेना.

गुरुवारी दुपारी ती आतून बाहेर आली, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत मामा उभे होते. द्रावकाच्या लाइनवरचे सगळ्यात जुने कामगार. सगळ्या कारखान्याचे मामा. उसना नेलेला पाना परत द्यायला आले होते आणि दाराच्या काचेतून तिला बराच वेळ बघत होते.

"काय गं, आत कोणाशी भांडत होतीस?"

"कोणाशी नाही."

"ओठ चालले होते की! हातवारेसुद्धा."

ती लाजली. "पट्ट्यांशी बोलते हो, मामा. सवय लागलीय."

"मग? काय म्हणतात पट्ट्या?"

"ऐकून घेतात बिचाऱ्या."

"आमच्या लाइनवर तर कोणी ऐकूनही घेत नाही." मामा हसले. "आणि तो मास्क हनुवटीवर कशाला? दाढी लपवायला?"

"बोलताना चष्म्यावर वाफ धरते, म्हणून खाली ओढ..."

ती बोलता बोलता थांबली. मान वळवून तिनं काचेतून आत पाहिलं. ते टेबल, ते स्टूल. वाळलेल्या पट्टीचा तुकडा ओलावा मोजण्यासाठी कापायचा, चिमट्यानं उचलून डोळ्यांजवळ आणायचा, त्याला घरमालकिणीची कागाळी सांगायची आणि मग कुपीत टाकून झाकण लावायचं. भट्टीनं काढलेलं पाणी ती स्वतःच्या तोंडानं परत घालत होती. निदान तसं दिसत तरी होतं. आजचे तुकडे संपले होते. ताडून पाहायला शुक्रवारच उरला होता.

"म्हणजे आता आत गप्प बसायचं," ती म्हणाली. सोपं होतं, तरी तिचा चेहरा उतरला.

मामांनी पाना बाकावर ठेवला. "मग इथे बोल ना. इथली हवा ओलीच आहे."

शुक्रवारी मामा पाळीच्या बरेच आधी आले आणि बाकावर बसले. "हं, कर सुरुवात."

"असं ठरवून काय बोलू?"

"पट्ट्यांना काय ठरवून सांगायचीस?"

तिनं आपल्या भाड्याच्या खोलीतल्या उडालेल्या दिव्यापासून सुरुवात केली. मग घरमालकीण. मग ताईचा फोन, 'जेवलीस का' विचारून उत्तराआधीच ठेवून दिलेला. मामा मध्ये मध्ये नुसतं "हात्तिच्या" म्हणत होते. आणि मग, आधी मनातही नसताना, तिनं सांगितलं: रविवारी दुकानात पाव मागायला तोंड उघडलं तर आवाजच फुटला नाही. घशात काही झालं नव्हतं. शनिवार संध्याकाळपासून बोलायची वेळच आली नव्हती.

या वेळी मामा हात्तिच्या म्हणाले नाहीत. दाराकडे बोट करून म्हणाले, "जा आता. मास्क वर घे."

आत ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या तुकड्याला सवयीनं काहीतरी सांगावंसं वाटलं, तेव्हा तिनं दात आवळले आणि काचेकडे पाहिलं. मामांच्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता. ते अजून बाकावरच होते, हाताची घडी घालून, पट्टीसारखे गप्प.

तिनं बाराही कुप्या बंद केल्या आणि ओलावा मोजायच्या यंत्रावर एकेक करून लावल्या. संध्याकाळी सरासरी आली: चारशे बारा पीपीएम.