माझा नंबर कोणी घासला

हे मी सांगायला नको होतं. बाबांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवून, "कोणाला सांगू नको, बाय," असं बजावलं होतं, आणि मी आजपर्यंत गप्प राहिले. तसं गप्प राहणं मला जड नाही, कारण मी गाडी आहे. गव्हाणच्या तुळशीरामबाबांच्या अंगणात शेवग्याखाली उभी असलेली जुनी पिकअप बोलतेय मी. पण आज मला न्यायला क्रेन येणार आहे. मी भंगारात गेले की ही गोष्ट एकट्या बाबांपाशी राहील, आणि बाबा ती कधीच कोणाला सांगणार नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की रंग देण्याआधी एका यंत्राने माझ्या चासीवर, उजव्या पुढच्या चाकाच्या वर, माझा नंबर ठोकला होता. बॉडीखालच्या ज्या लोखंडी सांगाड्यावर सगळी गाडी उभी असते, ती चासी. माणसाला नाव ठेवतात, तसा आम्हाला नंबर. तेव्हा थोडं दुखलं होतं.

मग मी गव्हाणला आले. जनीआईने मला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवला. घरात सगळे तुळशीरामांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणू लागले.

बाबांचं घराणं मिठागरातलं. माझ्या हौद्यात पहिल्या दिवसापासून मिठाच्या गोणी चढल्या. मिठाला पाणी सुटतं, ते फळ्यांतून ठिबकतं आणि लोखंड खातं. बाबांना हे लहानपणापासून माहीत होतं. म्हणून खेप टाकून आलो की ते आधी मला गोड्या पाण्याने धुवायचे, मग स्वतः हातपाय धुवायचे.

"माणसांना प्यायला पानी नाय, आन तुमी गाडीला आंघोळ घाला," जनीआई दारातून म्हणायची.

"तू लोखंड नायस ना," बाबा म्हणायचे, "तुना खार लागत नाय."

"मना तर तुमीच लागलाव जन्माचे!" असं म्हणून ती हसत आत जायची, पण जाताना नळ थोडा मोठा सोडून जायची.

गंज दिसला की बाबा कापायचे, घासायचे, रंग द्यायचे. गॅरेजात मला त्यांनी क्वचितच नेलं. त्यांचा एकच नियम होता. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासायचं. खार उरला नाही पाहिजे. नुसता वरून रंग मारणाऱ्याला ते आळशी म्हणायचे. हा नियम त्यांनी आपल्या मुलाला, धनेशलाही शिकवला. तेव्हा तो शाळेत होता.

धनेश मोठा झाला आणि मला चालवू लागला. एकदा तो मला उतारावर उभी करून पान आणायला गेला आणि हँडब्रेक ओढायचा विसरला. मी हळूहळू मागे सरकले आणि शेजारच्या बुधाजींची भिंत पाडली. कोणाला लागलं नाही. पण सगळी आळी गोळा झाली, आणि सगळ्यांसमोर बाबा म्हणाले, "तुझ्या हाताला येश नाय. परत लोखंडाला हात लावू नको."

माणसं रागात बोलतात आणि विसरतात. पण ज्याला बोललं जातं तो विसरत नाही, हे मी अंगणात उभी राहून पाहिलं आहे. धनेशने माझी चावी खुंटीला लावली ती लावलीच. तो पनवेलला घरोघरी पार्सलं पोहोचवायच्या नोकरीला लागला. घरी फक्त झोपायला यायचा. गल्लीत शिरला की बुधाजी ओट्यावरून ओरडायचे, "धनेश आला रे, भिंती सांभाळा!" लोक हसायचे. धनेशही हसल्यासारखं करायचा. बाप आणि मुलगा एकमेकांशी जनीआईमार्फत बोलत. "बाबांना सांग, लाईटचं बिल भरलंय." "त्याला सांग, बरा केला."

पुढे मिठागरांवर भराव पडला आणि माझं काम कमी झालं. बाबांची कंबर धरली, त्यांना माझ्याखाली शिरता येईना. माझ्या पासिंगची मुदत संपली. मी शेवग्याखाली गंजत उभी राहिले. माझ्या टपावर शेंगा पडायच्या, जनीआई त्या वेचून न्यायची.

एका रविवारी तीच धनेशला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली. कर्नाळ्याकडच्या एका नर्सरीवाल्याला रोज पनवेलला रोपं पोहोचवायला गाडी हवी होती. गाडी पास झाली तर काम धनेशचं. नाही तर धनेश चाकणला मित्राकडे जाणार होता, तिथे खोलीसुद्धा बघून झाली होती.

"बाबांची कंबर गेली, तुझी हाय ना?" ती म्हणाली. "मग शिर खाली."

धनेश जमिनीवर पोतं टाकून माझ्याखाली सरकला. बाबा शेजारी पाटावर बसले. खालून पान्यांचा आवाज येऊ लागला.

"चवदाचा दे," खालून आवाज आला.

बाबांनी दिला.

"हा बाराचा हाय."

"चष्मा नाय माझ्याकडं."

"मग आना ना चष्मा. गाडी पास कराचीय का मना मारायचाय?"

बाबा चष्मा आणायला गेले. जाताना ते हसत होते, हे धनेशला खालून दिसलं नाही. मला दिसलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं माझ्यावर खपू लागले. स्प्रिंगचे पाटे उतरवून त्यांत नवीन रबरी बुश घातले. हौद्याचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला. धनेशने कळंबोलीहून एका मोडीत निघालेल्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग आणलं, कारण कंबर धरलेल्या माणसाला जुनं स्टेअरिंग फिरवणं जमत नव्हतं. ते बसवून झालं तेव्हा बाबांनी एका बोटाने चाक फिरवून पाहिलं. "आयला," ते म्हणाले, आणि पुन्हा फिरवलं. लहान मुलासारखे ते कितीतरी वेळ मला एका जागी उभी ठेवून डावी-उजवीकडे वळवत होते. जनीआई जेवायला हाका मारत राहिली.

आता ती गोष्ट.

उरणला नात्यातला साखरपुडा होता. बाबा आणि जनीआई तिकडे गेले. धनेश एकटाच घरी होता. माझ्या चासीचा उजवा पुढचा भाग तेवढा राहिला होता. मिठाचं पाणी नेमकं तिथे साचायचं, त्यामुळे गंजाचे पोपडे धरले होते आणि त्यांवर जुन्या काळ्या रंगाचे थर होते. बाबा परत यायच्या आत ते संपवून त्यांना चकित करायचं, असं त्याने ठरवलं. ग्राइंडर घेतला आणि घासू लागला. पोपडे गेले, रंग गेला. तरी तो थांबला नाही. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासायचं, हेच त्याला शिकवलं होतं.

त्या थरांखाली माझा नंबर होता. त्याला माहीत नव्हतं. आजवर पासिंगला मला बाबाच नेत. मला ओरडावंसं वाटलं, पण हॉर्नची वायर त्यानेच सकाळी सोडवून ठेवली होती. मी हळूहळू गुळगुळीत होत गेले.

बाबा आले तसे पांढऱ्या कपड्यांतच माझ्याजवळ आले.

"बघा बाबा," धनेश म्हणाला. त्याचं तोंड गंजाने लाल झालं होतं. "खार उरला नाय."

बाबा कंबर धरून वाकले. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. त्यांचा अंगठा थंड पडला, ते मला कळलं. धनेश त्यांच्या तोंडाकडे बघत होता. परीक्षेचा निकाल बघायला आलेली मुलं असतात ना, तसा.

"येश हाय रे तुझ्या हाताला," बाबा म्हणाले.

धनेशने मान खाली घातली आणि हातातलं फडकं उगाच पिळलं. आतून जनीआईने चहाला हाक मारली, तसा तो जवळजवळ धावतच गेला. बाबा तिथेच राहिले. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि सुरुवातीला सांगितलं ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनीआई आणि धनेश दोघंही अंगणात असताना बाबांनी ग्राइंडर उचलला.

"बाबा, तिथं झालंय माझं," धनेश म्हणाला.

"नाय. हाय अजून खार."

"अवो झालंय! हात लावून बघा."

"मना शिकवू नको. बाजूला हो."

ते माझ्या कोऱ्या झालेल्या जागेवर परत घासू लागले. ठिणग्या उडत होत्या आणि तिथे घासण्यासारखं काही नव्हतं. धनेश नाराज होऊन आत गेला. बाबांना हेच हवं होतं. उद्या कोणी विचारलं, तर शेवटचा हात कोणाचा होता हे दोघांनी पाहिलेलं असावं. मग त्यांनी त्यावर प्रायमर मारला, काळा रंग मारला, आणि पासिंगला जायचं पुढे ढकलत राहिले. आज कंबर दुखते, उद्या अमावस्या आहे. पण नर्सरीवाला थांबायला तयार नव्हता.

शेवटी एका सकाळी धनेशने मला पासिंगसाठी आरटीओत नेलं. मी नवीन रंगात झळकत होते. बाबा शेजारच्या सीटवर हात जोडून बसले होते. तपासणारे साहेब खाली वाकलेच नाहीत तर बरं, एवढंच ते मागत असणार.

साहेब वाकले. बॅटरी मारून त्यांनी उजव्या चाकावर पाहिलं, थोडा रंग खरवडला, बोट फिरवलं.

"चासी नंबर कुठंय?"

"असंल साहेब, नीट बघा ना," धनेश म्हणाला. "केबिनमध्ये पाटी पन हाय."

"पाटी कोणीही बसवतं. चासीवर कोरलेला लागतो. हा तर कोणीतरी घासलाय."

"मी घासला," बाबा म्हणाले. साहेबांचं वाक्य संपायच्या आत म्हणाले. "मीच, साहेब. गंज काढाला गेलो. नीट दिसत नाय मना."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते समजावून म्हणाले, "काका, नंबर नाही म्हणजे गाडीला ओळख नाही. ही तुमचीच गाडी आहे, हे मी कशावरून मानू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची आहे हे मिठागराच्या बांधावरच्या कोणीही सांगितलं असतं, पण तसली साक्ष तिथे चालत नाही.

परत येताना धनेश गाडी चालवत होता. उलव्याच्या अलीकडे त्याने मला बाजूला घेतलं.

"मी बोललो होतो ना, झालंय म्हणून. बोललो होतो का नाय?"

"बोलला होतास."

"मग ऐकला का नाय? एक भिंत पाडली तर मना सगळ्या आळीसमोर बोललाव. आन आज तुमी काय केलाव? माझ्या हातची भाकरी घालवलीव, बाबा."

"हां," बाबा म्हणाले. "चुकला माझा."

ते कधी कोणाला असं म्हणाले नव्हते. धनेशला त्याने आणखीच राग आला. तो उतरला, त्याने दार आपटलं आणि रस्त्याच्या कडेने चालू लागला. बाबा सरकून स्टेअरिंगवर आले. धनेशने त्यांच्या कंबरेसाठी बसवलेल्या त्या हलक्या स्टेअरिंगवर त्यांनी मला घरी आणलं, आणि सबंध रस्ता मी त्याच्या मागून हळूहळू चालत होते. तो एकदाही वळला नाही.

नंबर पुन्हा ठोकून मिळतो का, म्हणून बाबा पुष्कळ ठिकाणी फिरले. एवढ्या जुन्या गाडीसाठी कोणी मनावर घेतलं नाही. धनेश चाकणला गेला. बुधाजींना नवीन गंमत मिळाली. "तुळशीराम आला रे, नंबर झाका!" बाबा मान हलवतात आणि पुढे जातात. जनीआईसुद्धा कधी कधी रागाने म्हणते, "पोराचा ऐकला असता तर पोर घरात असता." तेव्हा दारात जेवायला बसलेले बाबा ताटातला भात नुसता कालवत राहतात. एक शब्द त्यांनी बोलावा, एकच, असं मला दर वेळी वाटतं.

चाकणला धनेश एका मोठ्या गॅरेजात आहे. रविवारी त्याचा फोन येतो. जनीआई अंगणात येऊन मोठ्याने बोलते, म्हणून मलाही ऐकू येतं. मालक म्हणतो, पोराच्या हातात जादू आहे. अवघड गाडी आली की त्यालाच बोलावतात. हे ऐकताना बाबांचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही बघायला हवं होतं. मग जनीआई विचारते, "बाबांकडं देऊ का?" आणि पलीकडून उत्तर येतं, "राहू दे." बाबा ते ऐकतात. उठतात, पाइप ओढून आणतात आणि मला गोड्या पाण्याने धुतात. मी किती दिवसांत कुठेच गेलेली नाही, तरी धुतात.

क्रेन आली. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज येतोय. भंगाराला मी घाबरत नाही. लोखंडाचं पुन्हा लोखंडच होतं. माझ्या मागे बाबा रविवारी काय धुतील, एवढीच मला काळजी आहे.

तुम्ही कधी चाकणकडे गेलात आणि धनेश भेटला, तर त्याला नंबरचं काही सांगू नका. बाबांनी एवढं सोसून राखलेलं आपण मोडायचं नाही. त्याचे हात चांगले आहेत, हे त्याला खरंच वाटू दे. पण त्याला म्हणावं, येत्या रविवारी जनीआईने विचारलं की...

"ओ काका! हँडब्रेक सोडा आनि न्यूट्रल करा, हुक लावतोय!"

थांबा हो, एवढं एकच. त्याला म्हणावं, "राहू दे" म्हणू नकोस, एकदा नुसतं "दे" म्हण, बाबा तिथेच बसलेले असतात, ते काही बोलणार नाहीत, पण तू फक्त