समाप्तची पाटी येईपर्यंत

दिवाळी झाल्यापासून टीव्हीवरच्या जुन्या सिनेमांतली माणसं बोलायची थांबली आहेत. त्यांची वाक्यं आता आम्हालाच म्हणावी लागतात. म्हटली तर सिनेमा पुढं सरकतो. नाही म्हटली तर ती माणसं तोंड मिटून, हातातलं काम हातात धरून, आमच्याकडं बघत उभी राहतात.

चूक आमचीच. कोल्हापुरात जुन्या सिनेमाचं वेड असलेल्या माणसाला एक खोड हमखास असते. पडद्यावरच्या माणसाच्या आधी आपण वाक्य म्हणायचं. त्याच्याबरोबर म्हटलं तर कुणी विचारत नाही, आधी म्हटलं तर तुम्ही दर्दी. मी, माझी बायको इंदू आणि वरच्या मजल्यावरचे बापूसाहेब सासने, आम्ही तिघं वर्षानुवर्षं हेच करत आलो. जेवणं झाली की बापूसाहेब खाली यायचे, मी जुन्या सिनेमांचं चॅनल लावायचो, आणि आम्ही त्या बिचाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायचो. एका दुपारी सावकारानं तोंड उघडायच्या आतच बापूसाहेबांनी त्याचा दम देऊन टाकला. सावकारानं तोंड उघडलंच नाही. त्यानं बापूसाहेबांकडं बघून मान डोलावली आणि तो पुढच्या कामाला लागला. त्यानंतर कुणीच बोललं नाही.

पहिले काही दिवस गंमत वाटली, खोटं कशाला सांगू. आम्ही वाटणी करून घेतली. बापूसाहेब हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, आवाज अजून मैदानभर पोचेल असा, म्हणून सावकार, फौजदार आणि सगळे बाप त्यांच्याकडं. नायक, त्याचा मित्र आणि किरकोळ गडीमाणसं माझ्याकडं. बायका सगळ्या इंदूकडं, नायिकेपासून खाष्ट सासूपर्यंत. जाहिरातीतली माणसं तेवढी आपापली भडाभडा बोलायची, त्यांना कुणाची गरज नव्हती. त्या वेळात आम्ही पाणी पिऊन घ्यायचो आणि बापूसाहेब तोंडात खडीसाखर धरायचे.

मग दमायला झालं. सिनेमा बघणं वेगळं आणि सिनेमा ओढणं वेगळं. बरं, मध्येच सोडून उठायची सोय नाही. समाप्तची पाटी आल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही आमच्या लोकांची जुनी शिस्त. थेटराचं छप्पर गळत असताना माझे वडील डोक्यावर पिशवी धरून पाटी येईपर्यंत बसलेले मी पाहिलेत. आणि आता तर पाटी आल्याशिवाय आमच्या घरातली दुपारच सरत नाही. एखादं वाक्य आठवेना झालं की ते आठवेपर्यंत घड्याळ तिथंच, खिडकीतलं ऊनही तिथंच. समोरच्या बिल्डिंगीत दिवे लागलेले दिसतात, कुणाच्या तरी फोडणीचा वास येतो, आणि आमच्या हॉलमध्ये आपलं रखरखीत ऊन. सोफासुद्धा रोज थोडा थोडा टीव्हीकडं सरकतो. मधला टीपॉय मी आधी तिरका केला, मग उचलून गॅलरीत ठेवला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण सिनेमाला दिलेले शब्द परत येत नाहीत. एका सकाळी इंदू मिसळणाचा डबा उघडून नुसतीच उभी होती. बोटानं दाखवून म्हणाली, “हे… तडतडतं ते.” मी म्हटलं, मोहरी. तिनं मान हलवली, पण तो शब्द काही तिला उचलता आला नाही. आदल्या दुपारच्या सिनेमात एक सासू सुनेला मोहरी करपली म्हणून टाकून बोलली होती. मग उंबरा गेला. मग दळण, मग जावई, मग उद्या. दुपारी जे बोलायची ते संध्याकाळी तिच्याकडं नसायचं.

माझेही शब्द गेले. पण मी टेलिफोन एक्स्चेंजात जन्म काढलेला माणूस, तोंडाची टकळी कधी बंद नाही, माझा साठा मोठा. चार गेले तरी दहा शिल्लक. इंदू मुळातच कमी बोलणारी. आमच्या लग्नात तिच्या मावशीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरगी बोलत नाही म्हणून रागावू नका, जावईबापू. मी कशाला रागावतोय, मला ऐकणारंच माणूस हवं होतं. जन्मभर मी बोललो आणि तिनं ऐकलं. आता तिच्याजवळ जे थोडंथोडकं होतं ते परक्या बायका घेऊन चालल्या होत्या.

बापूसाहेबांचं बोलणं आमच्या आधी संपलं. त्या दिवशीच्या सिनेमात बाप मुलाची लांबलचक समजूत घालतो. बापूसाहेबांनी ती एका दमात म्हटली, पाटी आली, आम्ही उठलो. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी म्हटलं, उद्या जरा लवकर या. ते हसले आणि त्यांनी हात जोडले. तेव्हापासून ते हसतात आणि हात जोडतात, बाकी काही नाही. मुलानं दवाखान्यात नेलं, डोक्याचे फोटो काढले, सगळं नीट आहे म्हणाले. आता ते वर गॅलरीत बसून असतात. सावकार, फौजदार आणि बाप माझ्याकडं आले.

आमची मुलगी वृषाली पुण्यात असते. आई फोनवर नुसती हूं हूं का करते म्हणून ती शनिवारी तातडीनं आली. मी तिला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, टीव्ही काढूनच टाका, आता टीव्ही बघतंय कोण, सगळे जुने सिनेमे फोनवर आहेत, हवे तेव्हा लावा, हवे तेव्हा थांबवा. तिनं लावूनही दिला. आणि खरंच, फोनमधली माणसं आपली वाक्यं आपणच बोलत होती, अंगठ्याएवढी, घडाघडा, आमच्याकडं न बघता. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलो. इंदूनं थोडा वेळ बघितलं, मग फोन वृषालीच्या हातात परत दिला आणि टीव्हीकडं बोट केलं. तिथं एक बाई चुलीपुढं फुंकणी धरून केव्हाची थांबली होती.

“तिचं काय?” इंदू म्हणाली.

वृषाली चिडली. अगं, सिनेमातली बाई ती, तिला काय होतंय, असं म्हणाली. इंदूनं तोवर फुंकणीवालीचं वाक्य म्हणून टाकलं होतं. चुलीत जाळ झाला. त्या वाक्यात ‘लेक’ हा शब्द होता. वृषाली निघाली तेव्हा इंदू तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, फिरवत राहिली, पण पोरीला काय म्हणावं ते तिला सापडेना. वृषाली जिन्यात बसून रडली. मी तिला काय सांगणार, कपाळ. बस चुकेल, एवढंच म्हणालो.

मग चॅनलवाल्यांचा फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर चालू ठेवतो. बाई बोलायला गोड होती. इतकी वर्षं बघितल्याबद्दल आभार मानले. चॅनल या रविवारी बंद होणार, त्या जागी खरेदीचं चॅनल येणार, त्यातली माणसं पूर्ण वेळ स्वतः बोलतील, तुम्हाला त्रास नाही, असं तिनं सांगितलं.

“बाकीची घरं काय म्हणतात?” मी विचारलं.

“बाकीची घरं नाहीत, सर. तुमचंच आहे.”

“आणि सिनेमातली माणसं?”

“ज्यांची पाटी येईल ती सुटतील, सर. बाकीची जिथं असतील तिथंच थांबतील.”

इंदू दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पदर खोचला आणि सोफ्यावर जाऊन बसली.

त्या आठवड्यात एकामागून एक सिनेमे लागत गेले आणि तिनं त्यातल्या बायका सोडवल्या. कुणी जात्यापाशी थांबली होती, कुणी माहेरच्या दारात, कुणी कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात. इंदू एकेकीचं बोलणं म्हणायची. ती बाई मान वर करायची, पाटी यायची, आमच्याकडं संध्याकाळ व्हायची. इंदूला समाधान वाटायचं, ते तिच्या तोंडावर दिसायचं. मला मात्र तिचा रागच येत होता. या बायकांची ही कोण लागते? आमच्या घरात मीठ मागायला आता तिला उठून बरणी दाखवावी लागत होती.

एकदा मी तिच्या आधी नायिकेचं वाक्य म्हणून बघितलं. आवाज बारीक केला, जीव ओतला. बायकांच्या न्हाणीघरात चुकून शिरलेल्या माणसाकडं बघावं तसं त्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरला. सिनेमा तसूभर हलला नाही. शेवटी इंदूलाच म्हणावं लागलं.

“आणि मी कुणाशी बोलू?” मी म्हणालो. “तू सगळं त्यांना देऊन टाकलंस तर मी या घरात कुणाशी बोलू, इंदू?”

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

रविवार उजाडला तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. सकाळी ती चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, “अहो.” मग गोळी घेतली का, हे विचारायला तेच म्हणाली. बापूसाहेब गॅलरीत दिसले, ते दाखवायलाही तेच. पाठ दुखतेय, दार लावा, ऊन लागतंय, सगळं त्याच एका शब्दात. मला सगळं कळत होतं. खरं सांगतो, तेवढ्यावर मी उरलेलं आयुष्य काढलं असतं, आणि आनंदानं काढलं असतं.

शेवटचा सिनेमा विहिरीचा लागला. आम्ही दर्दी लोक सिनेमांना नावानं ओळखत नाही, त्यातल्या जागेनं ओळखतो. विहिरीचा म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्यातली बायको नवऱ्याशी अबोला धरते, सबंध सिनेमाभर धरते, आणि बाकी सगळे पुरुष. म्हटलं, हे आपलं काम, आपण ओढू. सोफा इतका पुढं आला होता की आमचे गुडघे टीव्हीला टेकले होते. मी पाटलाचं बोललो, वैद्याचं बोललो, भावकीतल्या भांडणात चौघांचं एकटा बोललो. घसा फाटला. इंदू शेजारी शांत बसून होती. विहिरीवरची बाई शांतपणे पाणी शेंदत होती.

शेवटाकडं नवरा घोंगडी खांद्यावर टाकून घर सोडतो. त्याचं निरोपाचं वाक्य मी म्हटलं. तो विहिरीवरून पुढं चालू लागला, आणि चार पावलांवर पाठमोरा थांबला. एक टाच वर उचललेली. त्याच्या मागं ती बाई हातात दोर धरून आमच्याकडं बघत राहिली. पोहरा अर्ध्यावर लोंबकळत होता. खिडकीतलं ऊन थांबलं, घड्याळ थांबलं. इथं ती अबोला मोडते. इथं ती त्याला हाक मारून परत बोलावते, एकाच शब्दात. मला ते पहिल्यापासून पाठ होतं आणि मी दिवसभर ते आठवायचं टाळलं होतं.

इंदू त्या बाईकडं बघत होती.

“नको, इंदू,” मी म्हणालो. “तो एक मला राहू दे.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग टीव्हीकडं. मग पुन्हा माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता येईना. इतकी वर्षं मीच बोलत आलो, वाचायची सवय कुठं लागली होती?

मी उठलो. जन्मात पहिल्यांदा पाटी यायच्या आधी उठलो. उभं राहायला जागा नव्हती, सोफा आणि टीव्ही यांच्यामधून अंग चोरत बाजूला निघावं लागलं. टीव्हीचं बटण शेजारच्या भिंतीवर आहे. मी तिथं जाऊन त्यावर बोट ठेवलं. माझी पाठ इंदूकडं होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून टीव्हीतल्या माणसाची पाठ दिसत होती.

मागं बांगड्या वाजल्या.

“अहो,” इंदू म्हणाली.

टीव्हीतल्या माणसानं उचललेली टाच खाली टेकली आणि तो वळायला लागला. बटणावरचं बोट तसंच ठेवून मीही वळायला लागलो. समोरच्या बिल्डिंगीतले दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, आमच्या खिडकीतलं ऊन मात्र तिथंच. आम्ही दोघं अजून वळतोच आहोत.