कोंबडी कोणत्या अक्षरात?

दत्तात्रय पराडकर अठ्ठ्याऐंशी साली सिल्वासाच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी खणांचं एक सागवानी कपाट करून घेतलं. एका बाजूला लेखकांची कार्डं, दुसऱ्या बाजूला पुस्तकांच्या नावांची. सगळी अकारविल्हे, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात. कपाट इतकं देखणं झालं की येणारा माणूस त्यावर हात फिरवायचा, "वा!" म्हणायचा आणि सरळ टेबलापाशी येऊन विचारायचा, "साहेब, ते लाल पुस्तक आहे का? मागच्या महिन्यात इथंच होतं."

"लेखक?" पराडकर विचारत.

"लेखक आठवत नाही. जाड होतं."

"नाव?"

"त्यात ती बाई शेवटी परत येते बघा."

अखेर वैतागून त्यांनी पाटी लावली : 'पुस्तकांबाबत चौकशी करू नये. कृपया खण पाहावेत.' त्यांची बायको वासंती जवळच्याच शाळेत शिकवायची. पाटी वाचून ती म्हणाली, "छान! आता 'वाचू नये' एवढीच राहिली."

पाटीचं तंतोतंत पालन करणारं एकच माणूस निघालं. भिमाबाई. नवरा दादऱ्याच्या कारखान्यात, मूळ गाव धुळ्याकडचं, चौथीपर्यंत शाळा झालेली. दाराशी पाळलेल्या कोंबड्या एकेक करून आजारी पडायला लागल्या, तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की वाचनालयात सगळ्याचं पुस्तक असतं. ती आली, पाटी वाचली, चपला बाहेर काढल्या आणि 'क'चा खण ओढला. बोटानं एकेक कार्ड सरकवत तिनं अख्खा खण पाहिला. मग खण हलक्या हातानं लावून ती निघून गेली. पराडकर कौतुकानं बघत होते. घरी गेल्यावर म्हणालेसुद्धा, "बघ, सवय लावली की लोक शिकतात."

आठवड्यानं वासंतीला ती बाजारात भेटली. तिची मुलगी वासंतीच्याच वर्गात होती.

"बाई, दोन कोंबड्या गेल्या," भिमाबाई म्हणाली. "बाकीच्या शिंकी राहिल्या. तुमच्या साहेबांकडे बघून आले, पण कोंबडीचं पुस्तक नाही तिथं."

संध्याकाळी वासंतीनं नवऱ्याला विचारलं.

"नाही कसं? आहे की," पराडकर म्हणाले. "'आदर्श कुक्कुटसंवर्धन'. 'आ'च्या खणात."

"अहो, तिच्या कोंबड्या आदर्श नाहीत. आजारी आहेत."

"पण मला विचारायचं तरी तिनं!"

वासंती आमटी ढवळायला लागली. 'चौकशी करू नये' ही पाटी काही भिमाबाईनं लावली नव्हती. पराडकरांच्या ते जरा उशिरा लक्षात आलं, आणि त्या रात्री त्यांना आमटी अळणी की खारट तेही कळलं नाही.

सकाळी वाचनालय उघडताच ते 'आ'कडे धावले. पुस्तक बाहेर गेलेलं होतं. नेणारा : सुकदेव नथू बोरसे, राहणार खडोली. परत करण्याची तारीख केव्हाच उलटून गेलेली. एरवी त्यांनी आठवणीचं पोस्टकार्ड धाडलं असतं. पण कार्ड पोचेपर्यंत कोंबड्या थांबतील याची खात्री नव्हती. रविवारी ते स्वतः खडोलीला गेले.

नाक्यावर लखनची चहाची टपरी होती. तिथं चार कामगार बसले होते.

"सुकदेव नथू बोरसे कुठं राहतात?"

"कौनसी कंपनी?" लखननं विचारलं.

"ते माहीत नाही." सभासदाच्या अर्जात कंपनीसाठी रकाना नव्हता. अर्ज पराडकरांनीच आखला होता.

"पाळी कोणती? दिवस की रात?"

"माहीत नाही."

"दिसायला कसा?"

"उंच... असावा."

"बोरसे तर इथं दगड मारला तरी बोरश्याला लागतो, साहेब," एक कामगार म्हणाला. "नाव सांगून काय होणार? काम काय ते सांगा."

पराडकरांना हे आवडलं नाही. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितल्यावर माणूस सापडत नाही म्हणजे काय! ते खोल्यांच्या रांगांतून हिंडले. एक बोरसे झोपेतून उठवला गेल्यामुळे चिडला. दुसऱ्यानं त्यांना विम्याचा एजंट समजून दार लावून घेतलं. तिसऱ्याच्या बायकोनं पाणी दिलं, पण तिचा नवरा सुकदेव नव्हे, चिंधा बोरसे निघाला. दुपारी घामाघूम होऊन ते पुन्हा टपरीवर येऊन टेकले.

"मिला?" लखननं चहा पुढं करत विचारलं.

"नाही हो. एका बाईच्या कोंबड्या मरतायत आणि कोंबड्यांचं पुस्तक त्या माणसाकडे अडकलंय."

"मुर्गी की किताब?" लखन हसायलाच लागला. "अरे, मग मुर्गीवाला बोला ना! वो पीछे, जाळी लावलेली खोली. आधी सांगायचं नाही का साहेब, पाहिजे काय ते?"

पराडकरांनी चहाचा कप खाली ठेवला. हे वाक्य आपण दिवसभर ऐकायचं टाळलं की वर्षभर, याचा त्यांना नीट उलगडा होईना. मग मात्र त्यांनाही हसू आलं.

जाळीच्या खोलीत सुकदेव कोंबड्यांना दाणे टाकत होता. ग्रंथपालाला दारात बघून त्याचा चेहरा उतरला. पुस्तकाला त्यानं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. "हा कोपरा कोंबडीनं टोचला, साहेब. माझी चूक नाही."

"कोंबडीला दंड करता येत नाही," पराडकर म्हणाले आणि पुस्तक पिशवीत घातलं.

तिथून ते थेट भिमाबाईकडे गेले. रोगांचं प्रकरण दोघांनी अंगणात बसून वाचलं. ती अडखळली की ते शब्द सांगायचे, ते अडखळले की ती कोंबडी उचलून दाखवायची. आजारी कोंबड्या वेगळ्या बांधल्या, ओली जागा कोरडी केली, दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. आणखी एक गेली, बाकीच्या तगल्या. भिमाबाईनं अंडी पाठवली. ग्रंथपालानं भेट घेणं नियमात बसत नाही, असं पराडकर म्हणेपर्यंत वासंतीनं पोळ्यांबरोबर ती वाढलीसुद्धा.

पाटी निघाली. सागवानी कपाटाशेजारी एक साधा सुटा खण आला. त्यात कार्डं होती ती लोकांच्या तोंडची : 'कोंबडी शिंकते.' 'पोरगं गणितात नापास.' 'विहिरीचं पाणी पिवळं.' 'बाई शेवटी परत येते ती गोष्ट.' प्रत्येकाखाली पुस्तकाचं नाव आणि ते कोणत्या फळीवर आहे ते. शेजारी कोरी कार्डं आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. ज्याला सापडणार नाही त्यानं काय हवं ते लिहून टाकावं. कार्डं मराठीत आली, गुजरातीत आली, एकावर नुसतं बैलाचं चित्र होतं. पुस्तक नसलेल्या कार्डांचा गठ्ठा समोर ठेवूनच पराडकर पुढच्या खरेदीला बसले.

त्या गठ्ठ्यात एक ओळखीचं अक्षर निघालं : 'नवरा ऐकत नाही.'

पराडकरांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग मोत्यासारख्या अक्षरात खाली लिहिलं, 'विषय नोंदवला आहे. पुस्तक मागवले आहे.' आणि कार्ड खणात लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याखाली आणखी एक ओळ होती : 'घाई नाही. सुधारणा दिसते आहे.'