उसना जहागीरदार

दर रविवारी सकाळी हिंजवडीतल्या माझ्या फ्लॅटवर आम्ही फाशांचा रोलप्लेइंग गेम खेळतो. सोसायटीतलेच सृष्टी, तेजस आणि कादंबरी हे तिघं शूरवीर होतात, गोष्ट मी सांगतो. खलनायक रचण्याइतकी माझी अक्कल चालत नाही. तो मी जुन्या रहस्यकथांतून सरळ उचलतो.

या वेळी उचललेला जहागीरदार पक्का हरामखोर होता. तो गावाचं तळं गुपचूप आटवतो, तहानलेली माणसं गाव सोडून जातात आणि मोकळ्या जमिनीवर हा उंच मनोरे बांधून विकतो.

"आता बोला, काय करता?" मी विचारलं. मला वाटलं, तलवारी उपसतील.

"मनोऱ्यात टू बीएचके आहेत का?" सृष्टी म्हणाली.

"बुकिंग सुरू व्हायच्या आधी जहागीरदाराला भेटून येऊ," तेजस म्हणाला.

"अरे, तळं चोरलंय त्याने! अख्खं गाव उठवलंय!"

"हो रे, पण लोकेशन बघ ना," कादंबरीने मलाच समजावलं. "पाण्याचं काय, टँकर येईल."

मी फासा भिंतीवर आपटला. तेवढ्यात चौघांचेही फोन वाजले. सोसायटीचा मेसेज होता: आज टँकर नाही, नळाला पाणी फक्त अर्धा तास.

तिघंही शूरवीर आपापल्या फ्लॅटकडे पळाले. आमच्या गेटवर तळ्याचं मोठं चित्र आहे. तळं कुठे होतं, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

मी बादली नळाखाली लावली. नळ नुसताच फुसफुसत होता.