उंबऱ्यावरची इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. पितळेची, पोटात कोळसे घालून तापवायची. वजन साडेसहा किलो. मित्रांनो, वजन मी कुणालाही बिनदिक्कत सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? हलक्याफुलक्या इस्त्रीने जाड सुती कापड एका फेरीत सरळ करून दाखवावं, मग बोलू.

ज्या कारागिराने मला साच्यात ओतलं, तो त्या दिवशी घाईत असावा. माझ्या झाकणाची कडी जरा तिरपी बसली आहे. ती लावली की 'टक्' असा आवाज होतो. इस्त्रीवाले आजोबा मला घ्यायला आले तेव्हा त्यांनी कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाले, "हिला बोलता येतं. हीच द्या."

पुढची तीस वर्षं आम्ही दोघांनी अख्ख्या गल्लीच्या सुरकुत्या काढल्या. आजोबा ओलं बोट माझ्या बुडाला निसटतं लावायचे. 'चर्र' झालं की मी तयार! आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ आणि शेवटी पुढची बाजू. शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे लाल कोट, बिछान्याच्या चादरी, सगळं माझ्याखालून गेलं. लोक आजोबांच्या घडीची तारीफ करत. घाम माझा आणि शाबासकी त्यांना! पण मी तापट असले तरी डूख धरणारी नाही. कोळसे विझले की माझा राग संपला.

मग आजोबा थकले आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे दादाने, दुकान हाती घेतलं. दादाने विजेची इस्त्री आणली. गुलाबी दांडा, मागे लांबलचक शेपूट, आणि बटण दाबताच गरम. मी आधी फळीवर गेले, फळीवरून पलंगाखाली. तिथे एका कोळ्याने माझ्या पोटात बिऱ्हाड थाटलं. आजोबा गेले, तेव्हाही मी पलंगाखालीच होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता खरी गोष्ट सांगते. वर्षातून एकदा मोठी सुट्टी येते, तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी रंग लागतो, दिव्यांच्या माळा लागतात, पाहुणे येतात. त्याआधीचे पंधरा दिवस दुकानात कपड्यांचा ढीग छताला टेकतो. दादा उभ्याउभ्या जेवायचा, पण कसा खुशीत असायचा! शेवटचं गाठोडं पोचतं झालं, दुकानाचं शटर खाली आलं, की मात्र तो मिटायचा. दरवर्षी थोडंथोडं व्हायचं. त्या वर्षी फार झालं. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला, तो उठेचना.

त्यात आत्या आली. आत्या म्हणजे दादाची थोरली बहीण. ती आली की घर कसं दणाणून जातं. तिने खोलीत शिरल्याशिरल्या सुरुवात केली, "हे काय, सणासुदीला एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून पडलायस? ऊठ, हस बघू! आम्ही काय तुझी पाठ बघायला आलो?"

दादा भिंतीकडेच बघत म्हणाला, "ताई, मला वाईटसुद्धा वाटत नाहीये गं. काहीच वाटत नाहीये."

आत्याने त्याच्या अंगावर चादर ओढली, तीही हळूच, आवाज न करता. मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच.

दादाची दहा वर्षांची मुलगी होती, चिमणी. दादा सारखं दार लोटून घेई आणि तिला ते आवडत नसे. तिने पलंगाखालून मला दोन्ही हातांनी ओढलं, कोळ्याला हुसकावलं आणि उंबऱ्यावर दाराला टेकवून ठेवलं. "आता बघू दार कसं लागतं!" ती म्हणाली. अशी मी दाराची राखणदार झाले. इतक्या वर्षांनी काम मिळालं होतं. मी जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्या बायकोने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या बराच वेळ त्याच्याजवळ बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हा आजार आहे. आळस नाही की नाटक नाही. गोळ्या देते, त्यांना थोडे दिवस लागतील. दर आठवड्याला मला भेटायचं. हसा म्हणून मागे लागू नका, आणि ताण देऊ नका."

ताण देऊ नका, एवढं आत्याने पक्कं धरलं. तिच्या मते दादाला ताण देणारी वस्तू घरात एकच होती. तिने दुकानातून सुट्टीपुरती घरी आणलेली गुलाबी इस्त्री उचलली आणि कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी लपवली. मग दादाला बोट हलवायची बंदी झाली. पाण्याचा पेला त्याच्या हातात, उशी त्याच्या पाठीशी. बिचारा आणखीच मिटला. इस्त्रीवाल्याच्या हातून काम काढून घेतलं, तर त्या हातांनी करायचं तरी काय? पण आम्हा इस्त्र्यांना विचारतो कोण!

चौथ्या दिवशी सगळ्या घरादाराचा फोटो काढायचा होता. फोटोवाला दुपारी येणार होता. आत्याने नवे कपडे बॅगेतून काढले, तर ते बोळ्यासारखे चुरगळलेले. "इस्त्री आणा," ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इस्त्री कुठे लपवली, ते तिलाच आठवेना! तिने गाद्या उलथल्या, डबे उपसले, माळ्यावर चढून शिंकून खाली आली. इस्त्रीवाल्याच्या घरात इस्त्री नाही! दादाची बायको तोंडात पदर कोंबून हसत होती.

चिमणी माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली. आपला चुरगळलेला झगा मांडीवर घेऊन तिने आत विचारलं, "बाबा, ही चालते का हो?"

मी कान टवकारले.

"चालते," दादा म्हणाला. "पण तापायला वेळ लागतो तिला."

"लागू दे की. मी थांबते."

आणि मित्रांनो, पलंग करकरला! दादा उठला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, पाय जड. त्याने मला उचललं आणि मागच्या अंगणात उघड्यावर नेलं. आधी राख आणि लिंबाने घासलं. मग चिमणीने पुठ्ठ्याने वारा घातला आणि त्याने एकेक निखारा माझ्या पोटात ठेवला. कडी लावली. टक्! तो थबकला. त्याने कडी काढून पुन्हा लावली. टक्!

"आजोबा म्हणायचे, हिला बोलता येतं," त्याने चिमणीला सांगितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. चार दिवसांत त्याला पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं. चिमणीने त्याला रडू दिलं. वारा घालायचं मात्र थांबवलं नाही.

त्या दिवशी त्याने एकच झगा केला. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. माझा ऊर अभिमानाने भरून आला. तसा तो निखाऱ्यांनी भरलेला होताच. आत्या आपले चुरगळलेले कपडे घेऊन पुढे आली, तेव्हा दादा म्हणाला, "आज एवढंच, ताई. उद्या तुझं." आणि तो आत जाऊन पडला. पण या वेळी दाराकडे तोंड करून.

फोटोत चिमणी सोडून सगळे चुरगळलेले आहेत. आत्या तर कुणीतरी पिळून वाळत टाकल्यासारखी दिसते. दादा खुर्चीत बसलाय, हसत नाहीये, आणि कुणी त्याला हसायला सांगितलेलंही नाही. घरातला सगळ्यात लाडका फोटो तोच आहे.

मग रोज एक कपडा. दुसऱ्या दिवशी आत्याचा, तिसऱ्या दिवशी स्वतःचा. गोळ्या चालू होत्या, डॉक्टरीणबाईंकडे जाणं चालू होतं. एखादा दिवस अगदीच वाईट जायचा, तेव्हा तो नुसता एक रुमाल करायचा. आणि गुलाबी इस्त्री? आत्या आपल्या घरी पोचली, बॅग उघडली, तर तळाशी शालीत गुंडाळलेली तीच! तिचा फोन आला तेव्हा दादा इतका हसला, की त्याला खुर्चीत बसावं लागलं. चिमणी धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ऐकलंस? बाबा हसले!" मी ऐकलं होतं. मी दारातच होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात ऐन सुट्टीत कुणी असं मिटलं, तर त्याला ओढू नका, दटावू नका. डॉक्टरांना बोलवा, एखादं छोटंसं काम त्याच्या हाती राहू द्या, आणि तापायला वेळ लागला तर थांबा.

परवा पुन्हा मोठी सुट्टी लागली. शटर खाली आलं आणि दादा घरी आला. तो चिमणीला म्हणाला, "यंदाही जरा जड जाईलसं वाटतंय. आधीच सांगून ठेवतो." मग त्याने मला फळीवरून उचललं आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर, दार मिटणार नाही असं नीट टेकवून, स्वतःच्या हाताने ठेवलं.