चाळीस पावलं

बांध कोरण्यात आमच्या गावाचा हात धरणारा कोणी नाही. दर साली नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या रानात घालायचं, आणि संध्याकाळी पारावर त्यालाच तंबाखू मळून द्यायची. उत्तमरावांनी तर सख्ख्या भावाचं, तातेरावचं रान खाल्लं. त्या साली बांध पार मोडून सपाट केला. पावसाआधी नवा घालणार होते, अर्थात आपल्या सोयीनं. गावाला सगळं ठाऊक होतं. पण बोलणार कोण? सगळ्यांचेच हात मातीत.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तातेरावनं खतासाठी लिंबाजी मेंढपाळाची मेंढरं रानात बसवायला बोलावली. लिंबाजी सात वर्षांनी येत होता. मेंढरांभोवती जाळी कुठं ठोकायची हे त्याला बापानं शिकवलेलं : विहिरीपासून बांधापर्यंत चाळीस पावलं. बांध दिसेना, म्हणून त्यानं पावलं मोजली आणि जाळी ठोकली.

सकाळी मेंढरं उठली, तर लेंड्यांचा काळा पट्टा उत्तमरावांच्या नांगरटीत नऊ पावलं आत, सरळ रेषेत. जुना बांध होता तिथंच. सगळा गाव बघायला लोटला.

तातेराव हसला. "दादा, मेंढरायला कळतं, तुमाला कळंना?"

उत्तमरावांच्या थोरल्या पोरानं काठी घातली. तातेरावचं डोकं फुटलं आणि तो रक्त पुसत गावाकडं पळाला. मग बापलेक लिंबाजीकडं वळले. दोघा पोरांनी त्याला पाडून दाबून धरलं.

उत्तमरावांच्या हातात कुऱ्हाड होती. "सगळ्याइसमोर म्हन, चुकलो."

"मालक, बापानं मोजून देल्ले पावलं हाईत. कसे चुकतीन?"

"म्हन!"

"न्हाई चुकलं."

त्याची बायको कौशल्याबाई उत्तमरावांच्या पायावर पडली. त्यांनी तिला लाथेनं उडवलं, कुऱ्हाड उलटी केली आणि बोथट बाजू लिंबाजीच्या घोट्यावर हाणली. तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

"आता मोज पावलं," म्हणाले, आणि दुसऱ्या पायावर हाणली. एकदा नाही, तीनदा.

आम्ही तीसेक बाप्ये उभे होतो. मी सगळ्यात जवळ, कुऱ्हाडीचा दांडा धरता आला असता इतका. धरला नाही. लिंबाजीची पावलं खरी ठरली तर उद्या सगळ्या गावाची मोजणी निघणार, आणि माझाही एक बांध सरकलेला होता. थू माझ्या जिंदगानीवर.

दुपारी पोलीस ठाण्याचा जमादार आला. मी म्हणालो, "बैलगाडीखाली आला." सगळ्यांनी माना हलवल्या. डोक्याला पट्टी बांधलेला तातेरावही तेच बोलला. भावाभावांचं तोवर जुळलं होतं. थोरल्यानं चार पावलं सोडायची, धाकट्यानं तोंड उघडायचं नाही.

लिंबाजीला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला गोरेगावहून जीप आली. त्याला उचलताना तो गुरासारखा ओरडला. कौशल्याबाई चढता चढता माझ्यापाशी थांबली. ती रडत नव्हती.

"प्रभूभाऊ, तुमच्या रानाचे पावलंबी ह्यायला पाठ हाईत," ती म्हणाली. "पन भिऊ नका. ते कोनाला सांगनार न्हाईत."

जीप गेली. मला त्या बाईचा इतका राग आला, की तो अजून गेलेला नाही.